बर्फावर एकटी

"मग मी एकटीनंच का खेळू नये?"

गेझीनाचा प्रश्न रिकाम्या हॉलभर घुमला. तिच्या प्रशिक्षक क्रोलबाईंनी थर्मास उघडला, चहा ओतला, फुंकर घातली.

म्हातारी माणसं उत्तर देण्याआधी चहा का पितात, हे कोडं गेझीनाला कधी सुटलं नव्हतं.

केम्निट्झ शहरातल्या या बर्फाच्या हॉलमध्येच ती यॉर्नबरोबर जोडीनं स्केटिंग करत मोठी झाली होती. गेल्या आठवड्यात जर्मनीच्या राष्ट्रीय स्पर्धेत दोघं शेजारीशेजारी गिरकी घेत असताना यॉर्न धपकन पडला आणि हाताशी आलेलं सुवर्णपदक गेलं. जोडी ठेवायची की मोडायची, हे आज संध्याकाळपर्यंत संघाला कळवायचं होतं.

"बाई, मी काहीतरी विचारलं."

"ऐकलं. यॉर्नशी बोललीस?"

"तो काय, तिथेच बसलाय. त्याला कान आहेत."

कठड्यापलीकडच्या बाकावर यॉर्न साध्या बुटांत बसला होता.

"पडला तो, मी नाही. तो नसता तर पदक माझ्या गळ्यात असतं."

"बरं. मग तुमचा नाच करून दाखव. एकटीनं."

"जोडीचा नाच? एकटीनं?"

"त्याची गरज नाही, असं तूच म्हणतेस ना?"

"तुम्हाला सरळ बोलायला काय होतं हो?" गेझीना पुटपुटली. बुटांच्या नाड्या करकचून आवळल्या आणि बर्फावर उतरली.

बाईंनी संगीत लावलं.

आणि मग ती जी सुटली, ती रागाला पाय फुटल्यासारखी. यॉर्न जिथे तिला हवेत फेकायचा, तिथे तिनं स्वतःच उडी घेतली. जिथे तो तिला डोक्यावर उचलून धरायचा, तिथून ती दोन्ही हात वर करून ऐटीत निघून गेली. बर्फाचा भुगा पात्यांखालून उडत होता. अर्ध्यावर येईतो राग कुठे गेला, तिला कळलंही नाही. ती नुसती नाचत होती. गालांवर गार वारा, अंगात सूर...

शेवटचा सूर आला. गेझीनानं हात पसरले, डोळे मिटले, मान मागे टाकली आणि अंग सोडून दिलं. गेली कित्येक वर्षं नाच असाच संपत आला होता.

मागे कोणी नव्हतं.

ती पाठीवर आपटली.

त्याच क्षणी यॉर्न कठडा ओलांडून, हात पुढे करून धावत सुटला होता. पण पायात साधे बूट. त्याचे पाय वर गेले, आणि तो बसल्या बसल्या घसरत थेट तिच्याशेजारी येऊन थांबला.



"लागलं?" त्यानं विचारलं.

"नाही. तुला?"

"बसायच्या जागी."

आधी गेझीनाच्या नाकातून हसू फुटलं. मग दोघंही बर्फावर लोळून हसायला लागले.

"बघा बाई," ती धापा टाकत म्हणाली, "आजही हाच पडला."

क्रोलबाई चहाचा पेला घेऊन कठड्यापाशी आल्या. त्यांनी शांतपणे एक घोट घेतला.

"अगं, उड्या मी शिकवल्या, गिरक्या मी शिकवल्या. पण मागे न बघता अंग सोडून द्यायचं... हे काही मी शिकवलं नव्हतं तुला."