आरवणारा राजा आणि रानअक्रोड

एका राज्यात साळुंक्या माणसांशी बोलत, पण माणसं एकमेकांचं ऐकत नसत. तिथला राजा दुर्धर भारी उतावळा. महालापुढचा रानअक्रोड फळत नाही, म्हणून त्याने रागाने बुंध्याला लाथ घातली. झाडात राहणारा जादूगार जागा झाला. "याचं फळ खाशील तेव्हाच सुटशील," असा त्याने शाप दिला. तेव्हापासून राजा हुकूम सोडायला गेला की तोंडातून कोंबड्याची बांग निघे.

झाड गेलं की शापही जाईल, असं राजाला वाटलं. त्याने पाटीवर लिहिलं, 'तीन दिवसांत झाड पाडा, नाहीतर भिवबाचं डोकं.' भिवबा म्हणजे कुऱ्हाडींना दांडे घालणारा सुतार. झाड त्याच्याच बापाने लावलेलं.

पहिल्या दिवशी सागाचे, बाभळीचे सगळे दांडे मोडले. दुसऱ्या दिवशी त्याने रानअक्रोडाच्याच पडलेल्या फांदीचा दांडा घातला. तो मोडेना, पण बुंध्यापाशी अडून बसला.

"आईवर हात उचलू?" दांडा म्हणाला.

तिसऱ्या दिवशी मूळ खणलं. ते सरळ खाली, पाताळापर्यंत गेलेलं. खालून नाग खेकसला, "आमच्या घराचा खांब हलवतंय कोण?"

भिवबा डोकं धरून बसला. वरून साळुंकीने विचारलं, "भिवबा, तुझं वय काय?"

"येत्या दसऱ्याला एकोणचाळीस सरतील."

"झाड तुझ्याच बारशाचं. ही जात चाळिशीशिवाय फळत नाही. एवढं विचारायला कुणाला सवड झाली नाही होय?"

भिवबा धावत राजाकडे गेला. "महाराज, एक वर्ष थांबा. नाही फळलं तर डोकं हजर आहे."

नाइलाजाने राजा झाडाखाली बसून राहिला. सालीचे लांब पापुद्रे आपोआप सुटत, ते गोळा करी. वर्षभर हुकूम नाहीत, त्यामुळे कारभार सुरळीत चालला. प्रधानाने तर झाड फळू नये म्हणून गुपचूप नवसही केला.

चाळिसाव्या वर्षी फळ पडलं. राजाने अधीरपणे चावलं आणि दातच पडला. भिवबाने त्याच फांदीच्या दांड्याचा हातोडा घेऊन कवच फोडलं. गर लोण्यासारखा गोड. राजाने तोंड उघडताच दरबाराने कानांत बोटं घातली.

"दुसरं फळ दे," राजा माणसासारखा बोलला. "लावायचंय."

"महाराज, चाळीस वर्षं लागतील."

"ठाऊक आहे," ज्याला भाकरी निवेपर्यंत धीर धरवत नसे, तो राजा म्हणाला. मग लाथ घातली होती त्या बुंध्याशेजारी त्याने बी पुरलं आणि स्वतःच्या हाताने पाणी घातलं. राजाचा शाप फिटला, तसा साऱ्या उतावळ्यांचा फिटो.