काट्यावरून न उतरलेली घोळ

मासे मुके होते पण काटे बोलायचे, तेव्हाची गोष्ट. एका बंदरावर स्प्रिंगचा काटा टांगलेला होता. माल उतरवला रे उतरवला की त्याची सुई टुणकन शून्यावर! त्याचा त्याला भारी तोरा.

एके दिवशी होडीतून ही एवढी थोरली घोळ मासळी उतरली. सगळं बंदर धावलं. "लावा काट्याला!" नाखवा ओरडला.

कोपऱ्यातली जुनी तागडी घाबरली. "अरे, पन्नास किलोला तुझे आकडे संपतात. नाही म्हण!"

"मावशी, ताणून घेणं हा तर माझा धंदा! बघच तू!"

घोळ लटकली. सुई पन्नासच्याही पुढे गेली. स्प्रिंग करकरली, पण तुटली नाही! शिट्ट्या, टाळ्या, नुसता जल्लोष! "बघितलंस? तुटलो का?" काटा ओरडला.

घोळ लिलावाला गेली. मागोमाग मांदेलीची पाटी घेऊन हिरूबाय आली आणि थबकली. "अगो बाय! हूक रिकामा, नि काटा दोन किलो दाखवतोय!" तिने पाटी सरळ तागडीत ओतली.

काट्याने जीव खाऊन सुई मागे ओढली. ती हलेना.

"कुणाचं रे हे वजन?" तागडीने हळूच विचारलं.

"त्या घोळीचं, मावशी. ती अजून उतरलीच नाही."