अध्यक्षांचे गुडघे

ही गोष्ट शाळेबाहेर सांगायची नाही, असं हेडसरांनी बजावलंय. पण राहवत नाही, म्हणून सांगते.

आमच्या शाळेत कौतिकमावशी दीडशे पोरांची खिचडी शिजवते. त्या दिवशी भलंमोठं पातेलं उतरवून तिनं आखडलेली बोटं कडाकडा मोडली. एवढी पळी फिरवल्यावर बोटं आखडणार नाहीत तर काय! नेमके तेव्हाच शाळा समितीचे अध्यक्ष भास्करराव खिचडी चाखायला आले.

"अन्नासमोर बोटं मोडतेस? अपशकुनी बाई! उद्यापासून येऊ नकोस."

मावशीच्या घरची चूल याच कामावर पेटते. ती आतून भडकली, पण आवाज चढू दिला नाही.

"म्हणजे ज्याची हाडं वाजली, त्यानं शाळेची पायरी चढायची नाही?"

"अजिबात नाही!"

"बरं साहेब, जाते. पण आज माझ्या हातचं शेवटचं पंगतीत बसून खा. खुर्चीवर बसून रोजच चाखता."

सगळ्या पोरांसमोर नाही कसं म्हणणार? भास्करराव मांडी घालून बसले, दोनदा वाढून घेतलं आणि उठायला गेले. कट्ट! कट्ट! दोन्ही गुडघे असे वाजले, की शेवटच्या रांगेतली पोरंसुद्धा खिदळली.

मावशी म्हणाली, "साहेब, माझी बोटं दीडशे पोरांचं रांधून वाजली. तुमचे गुडघे एका ताटावर जेवूनच वाजले. आता सांगा, उद्यापासून कोणी घरी बसायचं?"

मावशी अजून येते. भास्कररावही येतात, पण उभ्यानंच चाखतात. मावशी मात्र रोज त्यांच्यापुढे पाट सरकवते आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणते, "साहेब, बसा की, आज तर—"

थांबा, आई हाक मारतेय. आले गं आई, आले!