सावलीचं मंडळ

करंजगड संस्थानात छत्र्या विकणाऱ्या पाच व्यापाऱ्यांनी 'प्रवासी कल्याण मंडळ' काढलं. प्रवाशांच्या काळजीने बिचाऱ्यांची झोप उडाली होती. वाटेवरच्या झाडांतली पाखरं लोकांच्या डोक्यावर घाण करतात, तेव्हा झाडं तोडावीत, असा अर्ज त्यांनी दिवाणांकडे दिला. सोबत चांदीच्या मुठीची एक छत्रीही दिली. दिवाणांना लोककल्याण ताबडतोब पटलं आणि हुकूम निघाला.

वाटेवर पाणपोई चालवणाऱ्या दुर्पदाबाईच्या कानावर हे आलं. ती भर उन्हात दरबारात पोचली आणि राजाला म्हणाली, "सरकार, झाडं गेली तर वाटसरू उन्हानं मरतील."

दरबारात बसलेल्या पाचही व्यापाऱ्यांकडे बघून दिवाण हसले. "व्यापाऱ्यांचं रीतसर मंडळ आहे, बाई. तुझ्या बाजूने कोण आहे?"

"आमचंही मंडळ आहे, दिवाणसाहेब. त्याची बैठक आत्ता बाहेर चिंचेखाली भरलीय. सरकारांनी खिडकीतून बघावं."

राजा खिडकीशी गेला. चिंचेच्या सावलीत पाचही व्यापाऱ्यांच्या बग्ग्या दाटीवाटीने उभ्या होत्या, आणि मधल्या सगळ्यात गार जागी दिवाणांची.

राजाने हुकूम फाडला. मंडळाचा मान मात्र त्याने राखला. यापुढे दरबारात येताना सहाही जणांनी बग्ग्या उन्हात लावायच्या आणि घोड्यांवर स्वतः छत्री धरून उभं राहायचं, असं त्याने फर्मावलं.