सत्यभामेचा बोंडू

निर्मळनाथ महाराज त्या चैत्रात तांबळवाडीला आले आणि कुणाच्या घरी न जाता थेट किनाऱ्यावरच्या मांडवात उतरले. वय झालेलं, वरचे दोनच दात उरलेले. पण ते हसले की समोरच्याचा शीण पळून जाई.

भक्तमंडळी पेढे, केळी आणत. सत्यभामा तांडेलीण मात्र काजूचे बोंडू, म्हणजे बीवरची रसाळ फळं, घेऊन आली. तिच्या दारात काजूचं एकच झाड, पण त्याने घर सावरलं होतं. सालीच्या काढ्यात जाळी रंगत, टरफलांच्या तेलाने होडीचं लाकूड टिके, आणि बोंडू मिठाला लावून घरात खाल्ले जात. तिने परडी पुढे ठेवली, पुडीतलं मीठही ठेवलं.

होड्यांचे मालक अनंतशेट शेजारीच बसले होते. त्यांना हसू आवरेना. ते म्हणाले, "अगो, ह्यां गुरांचा खाणा. घसो धरता. संतांका ह्यां देतंस?"

सत्यभामेने मान खाली घातली. बिचारीचा जीव तसाही थाऱ्यावर नव्हता. तिचा नवरा बुधाजी पहाटे शेटच्या होडीवर गेला होता. त्या होडीच्या फटींत काथ्या भरून वर काजूचं तेल लावलं होतं, पण ते अजून वाळलेलं नव्हतं. बुधाजीने तसं सांगूनही पाहिलं. शेटनी ऐकलं नाही. उलट, भिण्यासारखं काही नाही हे दाखवायला आपला एकुलता एक मुलगा मोरेश्वरही त्यांनी होडीत बसवला होता!

महाराजांनी लालभडक बोंडू उचलला, मिठाला लावला आणि एक घास घेतला. "गोड आहे गो," ते म्हणाले.

तेवढ्यात दक्षिणेकडून आभाळ काळवंडलं आणि वारा सुटला. एकेक होडी किनाऱ्याला लागली. बुधाजी गेलेली ती एकच येईना. शेटचं हसणं कुठल्या कुठे गेलं. ते पाण्याच्या कडेने नुसते येरझारा घालू लागले. सत्यभामा महाराजांच्या पायाशी बसून पुटपुटली, "त्याल ओलांच होतां, म्हाराज."

महाराजांनी उष्टा बोंडू मुठीत धरून डोळे मिटले. बऱ्याच वेळाने मूठ उघडली, तेव्हा आत बोंडू नव्हता. तळहातातून पाणी गळत होतं. सत्यभामेने वाळूत चाचपून पाहिलं. तिथेही तो सापडला नाही.

दिवेलागणीला होडी आली. भिजलेला मोरेश्वर बापाला बिलगून रडू लागला. ऐन वादळात फटीतला काथ्या निसटला होता आणि पाणी भसाभसा आत आलं होतं. सगळ्यांनी आशा सोडली, आणि ते आपसूक थांबलं.

बुधाजीने कंदील खाली धरला. फटीत एक बोंडू गच्च रुतून बसला होता.

"आमी होडयेत बोंडू घेऊकच नाय," तो म्हणाला.

शेटनी वाकून पाहिलं. बोंडूवर दोन दातांची खूण होती. ते मांडवात धावले आणि महाराजांपुढे हात जोडून उभे राहिले. महाराज म्हणाले, "माझ्याकडे काय बघता? परडी तिची आहे."

अनंतशेटनी सत्यभामेपुढे ओंजळ केली. तिने एक बोंडू मिठाला लावून दिला. शेटनी रडत रडत तो खाल्ला, आधी तिला हात जोडले आणि मग महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं.