राणीची होडी

फार पूर्वी एका कथेकऱ्याच्या पेटाऱ्यात चित्रांची पोथी, ढोलकी आणि लाकडी बाहुली राहत. जत्रेत तिघी एकाच राणीची तीच गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगत. आधी पोथी सांगे; तिची गोष्ट संपली की लोक उठून घरी जात, ढोलकी-बाहुलीसाठी कुणी थांबत नसे.

बाहुली चिडली. "पोथीबाई, तुम्ही राणीला माहेराहून होडीत बसवा आणि मिटा. मग ढोलकी वादळ घुमवेल. राणी तरली का, ते मी दाखवते."

"म्हणजे माझी गोष्ट अर्धवट?"

"तुमची कुठली? राणीची!"

पुढच्या जत्रेत पोथी होडीपाशी मिटली. लोक उठले ते थेट ढोलकीकडे धावले, अन् वादळ शमताच बाहुलीभोवती गोळा झाले. राणी किनाऱ्याला लागली.

उशिरा आलेल्या एका म्हातारीनं विचारलं, "हिचं माहेर कसं होतं गं?"

बाहुली ऐटीत म्हणाली, "ते पोथीबाईंनाच विचारा!"