एक पान राहिलंय

"मग हा हात माझा कसा, बुवा?"

वैजयंतीबाईंनी उजवा हात पुढे केला. तो थरथरत होता.

बाई कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायच्या. मल्टिपल स्क्लेरोसिस बळावला, मेंदूचा निरोप हातापर्यंत धड पोचेना, नोकरी सुटली. मग त्या गुंडाबुवांच्या मठात शिकायला आल्या. निम्मा वेळ बुवांनाच दुरुस्त करण्यात जाई, ते सोडा.

बुवा ताक वाढायला निघाले होते. भांडं हातात घेऊन थांबले.

"शहरात डॉक्टर डोक्याला चुंबकाचं वेटोळं लावतात. टक् वाजलं की अंगठा उडतो. मी न सांगता! आणि मी सांगते तेव्हा घास तोंडाऐवजी गालाला लागतो. आता बोला."

बुवांनी त्या हाताकडे पाहिलं.

"जेवलीस?"

"हे उत्तर नव्हे."

"जेवलीस का?"

"...जेवेन. खोलीत."

"दुपारचा उपास असतो ना तुझा?"

बाईंनी मान खाली घातली. उपास खोटा होता. दार लावून, गळ्याशी टॉवेल खोचून त्या एकट्याच जेवत. बाहेर पंगतीतली हसणी-बोलणी ऐकू येत. फार एकटं वाटे त्यांना. पण चारचौघांत सांडायचं, म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं.

"चुंबकाचा गुण आला की बसेन पंगतीत."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"येईल म्हणतात... थोडा. टिकेलच असं नाही म्हणत."

आत जेवणं आटोपत आली होती. शेवटच्या माणसाचं होईपर्यंत पंगतीतून कुणी उठायचं नाही, हा मठाचा नियम. बुवा दारात गेले.

"उठू नका रे. एक पान राहिलंय."

उठू लागलेली माणसं पुन्हा टेकली. बुवांनी स्वतः पान मांडलं, वरणभात वाढला आणि बाईंना दंडाला धरून आणून बसवलं.

पहिलाच घास मांडीवर सांडला.

कुणी हसलं नाही. कुणी नजरही वळवली नाही. सगळे उष्टे हात तसेच धरून बसून राहिले.

बाईंचे डोळे भरून आले.

"जाऊ द्या हो त्यांना, बुवा. हात वाळताहेत त्यांचे. मला तासभर लागतो."

बुवांनी ताकाचं भांडं खाली ठेवलं आणि शेजारी मांडी घातली.

"आम्हाला तरी कुठं जायचंय?"